एका गाडीचा मालक

माझ्या ट्रकच्या नंबरपाटीवर अजून ‘एपी ०१’ आहे. ती पाटी लागली तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं आणि गावाजवळून जाणारा रस्ता सात नंबरचा हायवे होता. पुढे राज्य तेलंगणा झालं, ऑक्टोबर २०१६ मध्ये एका जिल्ह्याचे चार झाले, हायवेला ४४ नंबर मिळाला. नव्या गाड्यांवर आधी ‘टीएस’ आलं, आता ‘टीजी’ येतं. इंजिन मात्र तेच आहे. टाटा २५१५, दहा चाकी, कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन. तेच म्हणजे ब्लॉक तोच. आतलं पुष्कळसं सामान बदललंय, आणि हे लिखाण त्या बदललेल्या सामानाबद्दलच आहे.

आम्ही इथले मराठी. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते, त्यामुळे निम्मे सोयरे राज्याच्या हद्दीच्या पलीकडे आणि निम्मे अलीकडे. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि गॅरेजात दख्खनी हिंदी. इंजिनाचं दुखणं मला आजही दख्खनीतच नीट सांगता येतं.

धंदा कापसाचा. दसरा-दिवाळीपासून आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापूस यायला लागतो. इकडच्या गावांतून येतो, भाव बरा असला की पांढरकवड्याच्या बाजूनेही येतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या आसपास वजनाच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या गाठी तामिळनाडूच्या सूतगिरण्यांकडे निघतात. परतीचं भाडं मिळालं तर मिळालं. सीझन मार्चपर्यंत चालतो. मग सोयाबीन, मका, सिमेंट, गिट्टी, जे मिळेल ते. जून-जुलैत गाडी उभी असते. गावाजवळ सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना होता, तो नव्वदच्या दशकात बंद पडला. तो चालू असता तर पावसाळ्यातही थोडंफार काम राहिलं असतं, असं जुने मालक अजून बोलतात. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. पावसाळ्यात बांधकाम थंडच असतं, सिमेंट कोण उचलणार?

हे सगळं सांगितलं, कारण इंजिनाचं काम वर्षातल्या कोणत्या महिन्यात निघतं यावर एका गाडीच्या मालकाचं वर्ष तरतं किंवा बुडतं. किती खर्च आला हा प्रश्न त्यानंतरचा.

चाळीस गाड्यांच्या ट्रान्सपोर्टरला वर्षाकाठी काही इंजिनं खोलावी लागणार हे ठाऊक असतं. तो ते भाड्यातच धरतो, आणि एक गाडी उभी राहिली तरी तिचा माल दुसऱ्या गाडीत जातो. माझी गाडी उभी राहिली की मीच उभा राहतो. ड्रायव्हर मी, मालक मी, हप्ता माझा. बॅलन्स भाडं पार्टीकडे अडकलेलं, आणि गाडी परगावी बंद पडली असेल तर वरून जेवण-राहण्याचा खर्च.

जुन्या इंजिनाचा मोठा गुण हा की ते आधी सांगतं. हिवाळ्यात आमच्याकडे तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी पडते. बेला, अर्ली या बाजूला पारा कधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी कॉम्प्रेशन कमी झालेलं इंजिन पांढरा धूर सोडत नुसतं फिरत राहतं, पकडत नाही. काही दिवसांनी ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून फुसफुस वाफ येते. मेस्त्री त्याला ‘बॅक कंप्रेशन’ म्हणतात. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजला, जळलेला वायू खाली उतरतोय, असा त्याचा अर्थ. मग डिपस्टिकवर ऑइल कमी दिसू लागतं, धुरात निळसर छटा येते, चढाला गिअर लवकर टाकावा लागतो. ही सगळी लक्षणं एकामागून एक, महिन्यामहिन्यांच्या अंतराने येतात. आणि गाडी चालत राहते.

मला आठवतं, एका ऐन सीझनात, डिसेंबरच्या सुमारास, गाडीने बॅक कंप्रेशन धरलं. मावल्याच्या बाजूला हायवेलगत माझ्या मेस्त्रीचं गॅरेज आहे. त्यांनी झाकणावर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, “सीझन निकाल लेव भाई, ऑइल देखते रहो, बारिश में खोलते.” तेवढंच. मी ऑइलचा डबा केबिनमध्ये ठेवला, लोड थोडा कमी घेतला, चढाला घाई केली नाही आणि मार्च काढला. जूनमध्ये इंजिन उतरवलं. बोरिंगवाल्याकडे गर्दी नव्हती, स्पेअरच्या दुकानदाराने अर्धं सामान उधारीवर दिलं आणि ती उधारी मी पुढच्या दिवाळीच्या गाठींच्या भाड्यातून फेडली.

या कामाचे दोन प्रकार. ‘हाफ इंजिन’ म्हणजे रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, गॅस्केट. ‘फुल इंजिन’ म्हणजे बोरिंग, नवे पिस्टन, क्रँक घासणं, ऑइल पंप, सगळं. या इंजिनाला वेगळे लायनर नसतात, ब्लॉकमध्येच बोअर असतो. झिजला की अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालतात, पुढच्या वेळी एक मिलिमीटर. त्यानंतर ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकावी लागते. म्हणजे नीट वापरलं तर एका ब्लॉकला तीन जन्म सहज मिळतात. मी हे सामान घ्यायला लागलो तेव्हा फुल इंजिन लाखाच्या आत बसायचं, आता दीड लाखाच्या आसपास जातं. स्पेअर पार्टवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण आमच्यासारख्यांची निम्मी खरेदी बिनबिलाची. दुकानदार म्हणाला, “भाव तेच आहेत.”

आता पाण्याबद्दल थोडं, कारण आमच्या भागात ऑइलपेक्षा पाण्याने जास्त इंजिनं खाल्लीत असं माझं मत झालंय. आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. अशा उन्हात भरलेली गाडी निर्मलच्या चढाला लागली की टेम्परेचरचा काटा वर सरकतो. मग ड्रायव्हर काय करतो? ढाब्याच्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओततो. आमचं बोअरचं पाणी जड. भांड्याला जसा पांढरा थर धरतो तसाच तो ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये धरतो. बाहेरून रेडिएटर चकाचक, आत उष्णता जायला वाट नाही. शेवटी हेड वाकतं, गॅस्केट उडतं. ज्या इंजिनांना वेट लायनर असतात त्यांची तर आणखी वाईट गत. साध्या पाण्यात लायनरला बाहेरून टाचणीएवढी भोकं पडतात आणि पाणी थेट ऑइलमध्ये उतरतं. कुलंटच्या कॅनला जे पैसे जातात ते वर्षाच्या टोलपुढे काहीच नाहीत. तरी दहातले आठ मालक पाणीच भरतात.

दुसरा उद्योग थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. ‘इंजिन गरम होतंय? व्हॉल काढ.’ हे इतकं सर्रास चालतं की नवीन पोरांना तिथे थर्मोस्टॅट असतो हेच माहीत नसतं. काढल्यावर उन्हाळ्यात काटा खाली येतो, सगळे खूश. पण थर्मोस्टॅट ऐंशी-ब्याऐंशी अंशांपर्यंत पाणी अडवून ठेवतो ते इंजिनाला लवकर तापवण्यासाठी. तो नसला की डिसेंबरच्या पहाटे इंजिन तासभर थंडच पळतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि बोअर जो घासतो तो याच तासात. उन्हाळ्यात गॅस्केट वाचवण्यासाठी हिवाळ्यात बोअर विकायचा, असा हा व्यवहार. माझे मेस्त्रीही आधी तेच करायचे. मी हट्टाने थर्मोस्टॅट परत बसवून घेतला आणि त्याबरोबर रेडिएटरची नळीन् नळी रॉड घालून साफ करून घेतली. काटा खालीच राहिला.

फिल्टरबद्दल एकच सांगतो. खोका ओळखीचा असला म्हणून आतला कागद ओळखीचा असेलच असं नाही. आमच्याकडे डिझेल पंप आणि नोझलला अजून सगळे ‘मायको’च म्हणतात. ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने आहे, पण नकली खोक्यांवर दोन्ही नावं सापडतात.

तर असं ते जुनं इंजिन. पण त्याला कायद्याने वय आहे. तीन ॲक्सलच्या गाडीला पंधरा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. माझ्या गाडीचं तेच झालं. इंजिन ठणठणीत, पण गाठी घेऊन तामिळनाडूला जाता येईना. त्यात पंधरा वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेसची फी केंद्राने एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये केली. आता ती गाडी तालुक्या-तालुक्यात फिरते. यार्डातून जिनिंग, खाणीतून गिट्टी.

लांबच्या भाड्याची गाडी धाकट्या भावाने घेतली. २०२१ साली, नवी, बीएस-सिक्स, फायनान्सवर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कमी-अधिक सगळ्यांच्या गाड्यांना लागू आहे. तोही एका गाडीचाच मालक. दोन चुली, दोन वह्या.

ही नवी गाडी मी स्वतः बरीच चालवली आहे, आणि जुन्या गाडीच्या प्रेमात पडून तिला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. धूर नाही, आवाज कमी, चढाला ताकद, आणि ॲव्हरेज! जुनी गाडी भरलेली असताना साडेतीनच्या पुढे जात नव्हती, ही सव्वाचार देते. महिन्याला सहा हजार किलोमीटर धरा. जुनीला सतराशे लिटरच्या वर लागतात, नवीला चौदाशेच्या थोडे वर. तीनशे लिटर वाचले. आमच्याकडे डिझेल सत्त्याण्णवच्या आसपास, पाटणबोरीला महाराष्ट्राच्या हद्दीत भरलं तर चार-पाच रुपयांनी स्वस्त. म्हणजे स्वस्तातलं धरलं तरी सत्तावीस-अठ्ठावीस हजारांची बचत. त्यातून धूर स्वच्छ करायला नव्या गाडीला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचे चार-पाच हजार वजा करा. तरी वर्षाला अडीच लाखांच्या वर उरतात. एका फुल इंजिनपेक्षा जास्त, आणि तेही दरवर्षी. कागदावर नवं इंजिन जिंकतं. वाद नाही.

मग भाऊ कर्जात का गेला?

नव्या गाडीत डिझेल एका सामाईक नळीत सोळाशे बारच्या वर दाबून ठेवलेलं असतं. जुन्या नोझलचा दाब अडीचशे बारच्या आसपास. इतक्या दाबाला इंजेक्टरच्या आतल्या सुईची जागा केसाहूनही बारीक ठेवावी लागते. तिथे पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण गेला की झालं. जुनं नोझल खराब झालं की काळा धूर यायचा, गावातला पंपवाला ते बेंचवर लावून फवारा बघायचा, हजार-बाराशेचं टोक बदलायचा आणि त्याच संध्याकाळी गाडी रस्त्यावर. भावाच्या गाडीचे इंजेक्टर गेले तेव्हा धूरबीर काही नाही. दिवा लागला, पिकअप तुटला आणि गाडी रस्त्याच्या कडेला. वर्कशॉपवाले म्हणाले, “डिझेलमध्ये पाणी होतं, वॉरंटीत बसत नाही.” ते पाणी कुठल्या पंपावरचं, हे सिद्ध कसं करायचं? तपासायचं मशीन आमच्या गावात नव्हतं, गाडी टोचन करून न्यावी लागली. सहाही इंजेक्टर. दीड लाखाच्या वर, आणि रोख. स्पेअरच्या दुकानदाराची उधारी तिथे चालत नाही. वहिनीचे दागिने बँकेत गेले ते तेव्हा.

दुसऱ्यांदा कर्नूलच्या पुढे. मागे गाठी भरलेल्या, सीझन तोंडावर. धुराड्यातला नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा सेन्सर बिघडला. इंजिन स्वतः धडधाकट होतं. पण सेन्सर बोलत नाही म्हटल्यावर कॉम्प्युटरने ताकद कापली आणि भरलेली गाडी बैलगाडीच्या चालीने ओढावी लागली. फोनवर भाऊ म्हणाला, “दादा, इंजिनले काहीच झालं नाही म्हणतेत, तरी गाडी चालत नाही. कायले थांबवली मंग?” त्याचं उत्तर असं की धूर घाण होऊ नये म्हणून कायद्यानेच ती ताकद कापायला लावली आहे. कारण चांगलं आहे. पण सेन्सर मागवून बसेपर्यंत आठवडा गेला, पार्टीने उशिराचे पैसे कापले आणि हप्त्याची तारीख त्याच आठवड्यात होती. सेन्सरचे पंचवीस-तीस हजार होते. उभ्या गाडीने त्याच्या दुप्पट नेले.

या युरियाच्या पाण्याची गंमत आमच्या जिल्ह्यात जास्त कळते. गाडीला लागतं ते शुद्ध युरिया ३२.५ टक्के आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. डिझेलच्या सुमारे पाच टक्के खर्च होतो. इकडे शेतकऱ्याला ४५ किलोची युरियाची पिशवी २६६ रुपयांच्या आसपास मिळते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणात त्या पिशवीसाठी रांगा लागल्या होत्या. रांगेत न लागताही पिशव्या मिळवणारे लोक असतात. ते तो युरिया पाण्यात विरघळवून ‘डीईएफ’ म्हणून, म्हणजे गाडीचं युरियाचं पाणी म्हणून, निम्म्या भावात विकतात. पण २०१५ पासून शेतीच्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं कोटिंग असतं. ते तेल आणि बोअरच्या पाण्यातले क्षार धुराड्यातल्या महागड्या कॅटॅलिस्टला चिकटतात. शेतकऱ्याचा युरिया गेला तो गेला, ट्रकवाल्याचं धुराडंही गेलं.

हे दुखणं फक्त आमचं नाही. अमेरिकेत एका गाडीचे मालक-ड्रायव्हर लाखोंनी आहेत. तिथे नव्या इंजिनांची इतकी धास्ती बसली होती की नव्या ट्रकच्या सांगाड्यात जुनं दुरुस्त केलेलं इंजिन बसवून घ्यायची पद्धत पडली. त्याला ग्लायडर म्हणतात. सरकारने पुढे त्यावर मर्यादा घातली, कारण एकेक ग्लायडर नव्या ट्रकच्या कैक पट धूर ओकत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र तिथल्याच पर्यावरण खात्याने कंपन्यांना सांगितलं की युरियाच्या बिघाडावर गाडीची ताकद एकदम कापू नका, सॉफ्टवेअर बदलून चालकाला दुरुस्तीपर्यंत पोचायला वेळ द्या. म्हणजे धूर स्वच्छ ठेवूनही हे जमण्यासारखं आहे. आपल्या परिवहन मंत्रालयाने हा एवढा भाग तरी उचलावा. भाऊ मागत होता तो इतकाच वेळ. कर्नूलहून सूतगिरणीपर्यंत.

दोन्ही वह्या समोर ठेवून मी अनेकदा बसलोय. भावाचा वर्षाचा एकूण खर्च माझ्यापेक्षा कमी भरतो, हे डोळ्यांना दिसतं. पण त्याची बचत रोज दहा लिटरने येते, म्हणजे शाळेची फी, किराणा, टायर यांत कुठे विरते ते कळत नाही. आणि खर्च येतो तो एकाच दिवशी, दीड लाखाने, स्वतःच्या गावापासून चारशे-पाचशे किलोमीटरवर. माझ्या जुन्या गाडीचा खर्च जास्त होता, पण तो हप्त्याहप्त्याने यायचा, उधारीवर थांबायचा आणि पावसाळ्यापर्यंत ढकलता यायचा. एका गाडीच्या मालकाला स्वस्त इंजिनापेक्षा दुरुस्तीसाठी थांबू शकणारं इंजिन परवडतं. कंपन्यांना हे माहीत असावं, कारण त्या आता किलोमीटरमागे पैसे घेऊन वार्षिक मेंटेनन्सचा करार देतात. भावाने तो घेतलाय. बऱ्यापैकी निघालाय. फक्त करारातही डिझेलमधल्या पाण्याचं कलम तसंच आहे.

मध्यंतरी आम्ही काही जणांनी एक भिशी सुरू केली आहे. फक्त इंजिनाची. प्रत्येक एका गाडीचा मालक डिझेलच्या बचतीतला ठरलेला वाटा दरमहा टाकतो. ज्याची गाडी बाहेर अडकली त्याला त्याच दिवशी पैसे जातात, तो ते सीझनात परत भरतो. शिवाय एक स्कॅनर सामाईक घेतलाय आणि एक सेन्सर विकत आणून कपाटात ठेवलाय. पैसे बुडवणारा अजून कोणी निघाला नाही, पण निघेल हे धरून चाललो आहोत. लॉरी मालकांच्या संघटना डिझेलच्या भावावर आणि टोलवर मोर्चे काढतात, ते काढावेतच. त्यांनी हे कामही हातात घ्यावं. पाच-पंचवीस जणांच्या भिशीत जो सेन्सर एक येतो, तो संघटनेच्या पातळीवर प्रत्येक दोनशे किलोमीटरवर एक ठेवता येईल.

आणि फायनान्सवर पहिली गाडी घ्यायला निघालेल्या पोरांना सांगणं आहे. शोरूममध्ये ॲव्हरेज विचारा, पण त्याच्या आधी इंजेक्टरची किंमत विचारा, तो तपासायचं मशीन तुमच्या गावापासून किती लांब आहे ते विचारा, आणि दोन्ही उत्तरं लेखी घ्या.